सातव्या मंगळवारचा धूर

माझी आई मेली हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा ती माझ्या शेजारीच बसली होती. बेळगावच्या कचेरीचा व्हरांडा, माघातली सकाळ, आणि आई पदरातल्या शेंगा फोडून दाणे माझ्या हातावर ठेवत होती. कारकुनानं खिडकीतून तिचा कागद आत ओढला, आपल्या वहीत बघितलं, परत कागद बघितला आणि म्हणाला, "ही बाई मयत आहे."

आईनं मागं वळून बघितलं. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय.

मी तेव्हा तेरा वर्षांची. आता माझे केस पांढरे झालेत, दात पडलेत, पण ते वाक्य अजून जसंच्या तसं कानात आहे. माणूस समोर बसलंय, शेंगा खातंय, आणि हा म्हणतो मयत. बरं, म्हणताना डोळ्याची पापणी हलली नाही त्याची. भाजी संपली म्हणून सांगावं तसं सांगितलं.

हे कसं झालं ते नीट सांगते, नाहीतर कुणाचा विश्वास बसायचा नाही.

माझे वडील पहिल्या लढाईत समुद्रापार बसऱ्याकडं गेले ते परत आलेच नाहीत. मी तेव्हा पाळण्यात होते. आमचं गाव काकतीच्या पुढं, डोंगराच्या कुशीत. आम्हाला शेत नव्हतं. आई लोकांच्या रानात भांगलायला जायची, पण घर चालायचं ते सरकारच्या पेन्शनीवर. आईचा विधवेचा वाटा आणि त्याच कागदावर खाली माझ्या नावाचा एक लहानसा वाटा, माझं लग्न होईपर्यंतचा. आमच्या भागातल्या लोकांचा पेन्शनीचा दिवस ठरलेला, महिन्यातला पहिला सोमवार. स्वतः जायचं, अंगठा उठवायचा, आणि ही बाई तीच म्हणून दुसऱ्या पेन्शनवाल्यानं साक्ष द्यायची. आमच्या गावात असे दोघंच. एक माझी आई आणि एक लंगडणारे म्हातारे शिपाई, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. आप्पा आईची साक्ष द्यायचे, आई आप्पांची. पहाटे भाकरी बांधून आम्ही तिघं चालत निघायचो आणि आप्पा वाटेत प्रत्येक ओढ्याला थांबून बसऱ्याच्या नदीची गोष्ट सांगायचे. शंभरदा ऐकलेली गोष्ट, पण ऐकल्याशिवाय ते पुढं पाऊल टाकायचे नाहीत.

सोमवारी सुट्टी आली तर पैसे मंगळवारी. हा कचेरीचा नियम. वाईट काय त्यात? काहीच नाही. साहेबाचा नाताळ, राजाचा वाढदिवस, मोहरम, दिवाळी, सगळ्यांच्या सुट्ट्या त्या कचेरीच्या दारावर लिहून लावलेल्या असायच्या. फक्त आमच्या गावाची सुट्टी त्या कागदावर नव्हती. असणार तरी कशी? ती आमच्या देवीला आणि आम्हालाच ठाऊक.

त्याला आम्ही वार पाळणं म्हणायचो. आजूबाजूला रोगराई सुरू झाली की गावकरी देवळात बसून ठरवायचे, सात मंगळवार पाळायचे. त्या दिवशी उजाडायच्या आत सगळ्या गावानं बाहेर पडायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, तान्ही पोरं, सगळी. शिवेपलीकडं ओढ्याकाठी आंबराई होती, तिथं दिवसभर राहायचं, तिथंच रांधायचं, दिवस मावळला की परतायचं. गावात देवी एकटी फिरते, तिच्या वाटेत कुणी यायचं नाही. गावात चूल पेटवायची नाही, जात्याला हात लावायचा नाही. आणि आंबराईतून दुसऱ्या गावाला जायचं नाही, कारण रोग माणसाच्या पायानं येतो. हे शेवटचं मात्र खरं होतं, हे मला पुढं शाळेत शिकताना कळलं.

मला ते मंगळवार लई आवडायचे, खोटं कशाला बोलू. शाळा नाही, शेण काढणं नाही. झाडाला झोके, चुलीवर आमटी, बायकांची गाणी.

त्या वर्षी साहेबाच्या नव्या वर्षाची सुट्टी सोमवारी आली. पेन्शन गेली मंगळवारवर, आणि तो आमचा पहिला मंगळवार. आई आणि आप्पा आंबराईत बसून राहिले. आप्पा म्हणाले, "जाऊ द्या वो. दोन म्हैन्याचं एकदम घेऊ. मधेच गेलं तर तो कारकून वसकन अंगावर येतोय." आईलाही ते पटलं. हातचं राखून कसं चालवायचं ते तिला येत होतं.

कचेरीत मात्र चक्रं फिरली. रोगाचे दिवस, आणि एका गावचे दोन्ही पेन्शनवाले एकाच वेळी गैरहजर. जिवंत आहेत की नाहीत बघून ये म्हणून त्यांनी एक शिपाई धाडला. त्या शिपायाला आठवड्यातल्या सगळ्या दिवसांतून नेमका मंगळवारच सापडला. तो वेशीपाशी आला असेल. बघतो तर दारं नुसती ओढून घेतलेली, गोठे रिकामे, एक कोंबडं आरवत नाही, एका घरातून धूर नाही. प्लेगात लोक गावं सोडून रानात झोपड्या घालून राहायचे, ते त्यानं पाहिलेलं. पळत सुटला असेल बिचारा. त्याला मी दोष देत नाही, मीही पळाले असते. त्यानं जाऊन लिहिलं, गाव ओस, धूर नाही, सदर दोघे आढळले नाहीत. त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं, मयत असावेत. आणि वहीत उतरवताना ते 'असावेत' कुणाच्या तरी हातून गळालं.

तर अशी आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. आप्पा काठी टेकत खिडकीपाशी गेले. छाती काढून म्हणाले, "मी साक्ष देतो. हीच ती बाई. मी वळखतो हिला."

कारकुनानं वहीत बोट फिरवलं. "तुम्हीबी मयत आहात," तो म्हणाला. "मयताची साक्ष चालत नाही."

रांगेतले लोक हसले. मला पण हसू आलं, हे आता सांगायला लाज वाटते. मग मी आईच्या तोंडाकडं बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती एवढंच म्हणाली, "अण्णा, मी काय खाऊ मग?"

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं आवाज खाली आणला आणि सांगितलं, पोलीस पाटलाचा लेखी दाखला आणा, की शिपाई आला त्या मंगळवारी तुम्ही गावात हजर होता. नाहीतर वरचे कारकून चौकशीला येतील, राहत्या घरी हजर राहा, ते डोळ्यानं बघतील तसं लिहितील. आणि ह्या महिन्यात हे झालं नाही तर कागद पुण्याला जाईल. पुण्याला गेलेला कागद परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही पाटलाच्या सोप्यावर. पाटील म्हणजे गावाचा थोरला भाऊच. देवळात मंगळवार ठरवणारा तोच, आणि गावात सरकारचा माणूसही तोच. आईनं पदर पुढं घेऊन सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला.

"दाखला कसला देऊ?" तो म्हणाला. "त्या दिवशी तू गावात हुतीस?"

"न्हवते. कोण हुतं?"

"मग? सरकारचा पाटील गाव मोकळं सोडून आंबराईत आमटी खात बसलाय, असं माझ्याच हातानं लिहून देऊ? माझी पाटीलकी जाईल गं बाई."

"जिती हाय एवढं तरी लिवा."

"ते त्या दिवसाचं मागत्यात. मला ह्यात ओढू नगंस." आणि त्यानं पानाचा डबा पुढं ओढला. बोलणं संपलं म्हणून.

मला तो धक्का कचेरीतल्यापेक्षा मोठा होता. कचेरीतल्या माणसानं आईला कधी बघितलं नव्हतं. पाटलानं तर तिला लग्न होऊन गावात येताना बघितलं होतं, वडील गेल्याचा कागद त्यानंच तिला वाचून दाखवला होता. आणि तोच आता सुपारी कातरत बसला होता.

चौकशीचा दिवस ठरून आला, सोमवार. आईनं घर सारवून घेतलं. मला बरं वाटलं, सोमवारी गाव भरलेलं असणार, कारकून येईल, बघेल, जाईल. पण तो सोमवार शिवरात्रीचा होता, आणि हे त्या कचेरीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रविवारी टपालवाल्याबरोबर निरोप आला, सोमवारी सुट्टी असल्याकारणानं कारकून मंगळवारी येतील. मंगळवार. आणि तोही सातवा, शेवटचा, सगळ्यात कडक.

आई पुन्हा पाटलाकडं गेली. एक मंगळवार पुढं ढकला म्हणाली. पाटील म्हणाला, "तुझ्या पिन्शनीसाठी देवी थांबवू?" मग आई म्हणाली, मी वेशीवर थांबते, तिथं कारकुनाला भेटते. पण निरोपात लिहिलेलं, राहत्या घरी. आप्पांना विचारलं तर ते खाली बघत म्हणाले, "मी न्हाय थांबत बाई. लढाईत वाचलो ते देवीच्या कृपेनं. कागदावर मेलो तर मेलो."

सोमवारी शिवरात्रीचा उपास. रताळी उकडून आम्ही दोघी चुलीपुढं बसलो होतो. आईनं उद्याच्यासाठी लाकडं चुलीशी आणून ठेवली. मी विचारलं, "उद्या तर चूल पेटवायची न्हाय, मग लाकडं कशाला?"

ती म्हणाली, "त्या शिपायानं लिवलंय, धूर न्हाय. उद्याच्याला लांबनं धूर दिसला पायजे. तो बी वेशीवरनं माघारी फिरला तर संपलं."

माझ्या हातातलं रताळं तसंच राहिलं. गावात देवी फिरत असताना चूल पेटवायची? लहानपणापासून ऐकलेलं, असं केलं तर देवी तोंडावर फुंकर मारते आणि माणूस उभ्या उभ्या वाळतं. आणि ते एकट्याला भोवत नाही, गावाला भोवतं.

मग आईनं मला विचारलं. एकदाच विचारलं. "तू राहतीस काय गं माझ्यासंगट?"

मी रताळं सोलायला लागले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पहाटे शिंग वाजलं तशी मी उठले, माझी वाकळ गुंडाळली आणि दाराबाहेर पडले. आई जात्यापाशी बसली होती. ती म्हणाली, "शेजारच्या काकूच्या संगं राहा, ओढ्यात उतरू नगंस." एवढंच. मी गर्दीत घुसले आणि मागं बघितलं नाही. भीती होती, खरी भीती. पण नुसती भीती नव्हती. झोके होते, मैत्रिणी होत्या, आणि आईमुळं सगळ्या गावानं माझ्याकडं बोट दाखवावं हे मला नको होतं. तेरा वर्षांच्या पोरीला लोकांची केवढी लाज असते.

सूर्य कासराभर वर आला आणि आंबराईतली एक बाई बोलता बोलता थांबली. मग दुसरी थांबली. सगळे गावाकडं बघायला लागले. कौलांवरून एक धुराची रेघ वर चढत होती. वारा नव्हता, त्यामुळं ती सरळच होती. घर कुणाचं ते सांगायची गरज नव्हती, सगळ्यांनी आधी धुराकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. काकूनं माझ्या पुढ्यातली पत्रावळ उचलून बाजूला नेली. पाटील उठून उभा राहिला, दोन पावलं गावाकडं गेला आणि शिवेच्या दगडापाशी थांबला. तो शीव ओलांडू शकत नव्हता. त्यानंच घातलेला नियम.

मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी काय केलं सांगू? मैत्रिणीला म्हणाले, "मी सांगितलं होतं तिला, नको म्हणून." हे मी कधीच सांगितलं नव्हतं. आजतागायत हे मी कुणापुढं बोललेही नाही, आज लिहिते आहे.

दिवस मावळल्यावर घरी आले तर आई उंबऱ्यावर बसली होती. कारकून येऊन गेला होता. घोड्यावरून आला, धूर बघून थेट दारात आला, लिहून घेतलं, अंगठा घेतला, ताक पिऊन गेला. "झालं?" मी विचारलं. "झालं," ती म्हणाली, "मला जिती लिवलंय." मग तिनं माझ्या पुढ्यात ताट सरकवलं. त्याच चुलीवर केलेली भाकरी. मला दिवसभर कुणी जेवायला दिलं नव्हतं. मी ती खाल्ली.

पेन्शन सुरू झाली. माझा वाटा मात्र आला नाही. मी विचारलं तर आई म्हणाली, तू मोठी झालीस, बंद केला त्यांनी. मला ते खरं वाटलं.

गावाचं म्हणाल तर त्या वर्षी आमच्या घरी कुणी विस्तव मागायला आलं नाही, आणि आम्ही मागायला गेलो तर चूल विझलीय म्हणायचे, आतून धूर येत असताना. उन्हाळ्यात एकाचा बैल मेला, तोही आमच्यामुळंच. आप्पांनी पुढं दोन वर्षं कचेरीच्या खेपा घातल्या आणि मग खरोखरच गेले. आई एकटी जायची सोमवारी. तिची साक्ष सांबरा गावचा एक पेन्शनवाला द्यायचा. पुढं माझं लग्न झालं, मी निपाणीला गेले, तंबाखूच्या वखारीतल्या माणसाची बायको झाले. तिला किती वेळा म्हटलं, माझ्याकडं ये. ती म्हणायची, राहत्या घरी लिवलंय, तिथंच राहायला पायजे.

ती गेली तेव्हा दुसरी लढाई संपत आली होती. तेरावा झाल्यावर मी तिचा कागद घेऊन बेळगावला गेले. मेलेल्या माणसाचा कागद परत करायचा असतो, आणि शेवटच्या महिन्याचं राहिलेलं वारसाला मिळतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. पैशापेक्षा मला तो कागद माझ्या हातानं द्यायचा होता. त्या सोमवारी सुट्टी निघाली, म्हणून धर्मशाळेत रात्र काढून मी मंगळवारी खिडकीपुढं उभी राहिले. नवा तरुण कारकून होता. त्यानं जुनी वही काढली, धूळ झटकली आणि वाचत राहिला.

"तुम्ही कोण बाईंच्या?"

"मुलगी."

त्यानं वर बघितलं. "बाईंना कुणी नव्हतं."

मी म्हटलं, असं कसं, मी आहे की. त्यानं वही माझ्याकडं फिरवली. मला वाचता येत होतं, तेवढं आईनं शाळेत घालून शिकवलं होतं. चौकशीच्या कारकुनाचं अक्षर सुंदर होतं. बाई राहत्या घरी समक्ष पाहिली. चूल पेटलेली. मुलगी हयात असून आंबराईत गेल्याचे बाई सांगते. मुलगी दाखवण्यास सांगितले, दोन प्रहरपर्यंत थांबलो, दाखवू शकली नाही. सबब मुलीचा वाटा बंद. वारस नाही.

दोन प्रहरपर्यंत. म्हणजे तो ताक पिऊन लगेच गेला नव्हता. म्हणजे आई त्याला थांबवून वाटेकडं बघत बसली होती. आदल्या दिवशी ती मला सोबतीसाठी विचारत नव्हती. राहत्या घरी, डोळ्यानं बघतील तसं लिहितील, हे तिला कळलं होतं, मला कळलं नव्हतं. आणि त्यानंतरची सगळी वर्षं तिनं मला ते कळू दिलं नाही.

मी खिडकीचा गज धरला.

"बाई," तो पोरगा मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी कुठं होता?"

मागं रांग उभी होती. मी म्हटलं, "गावाबरोबर गेलते."